कललेले ठिपके

१

सकाळी कामावर आल्या आल्या बाई सर्वांत आधी काय करत? तर जे करू नये तेच करत. इनक्युबेटरचं दार उघडायचं, उबेतली एक चपटी प्लेट बाहेर काढायची, मास्क हनुवटीखाली ओढायचा, झाकण बोटभर उचलायचं आणि आत वाढलेल्या जंतूंचा वास घ्यायचा. फळवाल्यापुढे उभं राहून खरबूज हुंगावं, तसा. जंतुशास्त्राच्या पहिल्याच तासाला सांगतात की बाबांनो, काहीही करा पण प्लेट हुंगू नका. आणि या धंद्यात मुरलेली माणसं हटकून तेच करतात, कारण यंत्राला जे कळायला अर्धा दिवस लागतो ते नाकाला एका श्वासात कळतं. बाईंचं नाक तर गाजलेलं. पाठीमागे सगळे त्यांना नाकवाल्या बाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. ज्यांना स्वतःला कसला वास येत नाही त्यांनी दुसऱ्याच्या नाकावर बोलून वेळ घालवावा, त्यांना दुसरं काम तरी काय आहे?

बाईंना एकूणच माणसांविषयी फारसं बरं बोलता येत नसे. संचालकसाहेब म्हणजे त्यांच्या मते सुटाबुटातला होयबा. आणि भिंतीपलीकडच्या बंद खोलीत ठेवलेला, सगळ्या देशाने डोक्यावर घेतलेला अंतराळवीर म्हणजे निव्वळ बाळ्या. हे दुसरं मत जरा अनुभवाचं होतं, कारण तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. लहानपणी त्याचं शेंबडं नाक यांनीच पुसलेलं. वर जाऊन या पठ्ठ्याने काय दिवे लावले, तर अंतराळस्थानकाच्या भिंती, नळ, हवेच्या जाळ्या कापसाच्या काडीने पुसल्या आणि त्या काड्या सीलबंद करून खाली आणल्या. "पुसायला एवढ्या लांब पाठवावं लागलं," बाई म्हणत, "घरी कधी फडकं हातात धरलं नाही."

त्या काड्यांवरचे जंतू आता बाईंच्या प्लेटांत वाढत होते. काम साधं होतं. वर गेलं की जंतू माजतात. भिंतींना थरावर थर धरून बसतात, त्यातले काही औषधालाही दाद देईनासे होतात. माणसाचं मात्र उलट. त्याच्या अंगातला राखणदार वर गेल्यावर पेंगायला लागतो. चोर तगडा आणि राखणदार झोपेला आलेला, अशी तिथली अवस्था. म्हणून खाली उतरलेल्या माणसाला काही काळ काचेमागे ठेवायचं आणि त्याच्यासोबत काय काय उतरलंय ते पाहायचं.

यात बाईंचं स्वतःचं एक दुखणं होतं. घरी आई होती. आईला बाईंनी आपली एक किडनी दिली होती, आणि ती परकी किडनी अंगात टिकावी म्हणून आईला जन्मभराच्या गोळ्या होत्या. त्या गोळ्यांचं कामच हे की अंगातला राखणदार कायम झोपवून ठेवायचा. दुसऱ्याला साधी सर्दी होईल एवढ्या जंतूने आईचा जीव जाऊ शकत होता. त्यामुळे बाळ्याला घरी कधी सोडायचं हे बाईंनी ठरवायचं होतं. संचालकांना सत्काराची घाई, बाळ्याला आईची घाई आणि आईला बाळ्याची. बाईंची कुणालाच घाई नव्हती, कधी नव्हतीच.

तर त्या सकाळी बाईंनी प्लेट हुंगली. पिकलेल्या द्राक्षांचा वास आला. बरोबर होतं, या जातीला तो असतोच. पण द्राक्षांच्या खाली आणखी काहीतरी होतं, कोमट आणि ओळखीचं. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. कुणीतरी नुकतंच उठून गेलंय अशा उशीचा वास होता तो.

बाईंनी नाक मुरडलं आणि प्लेट उजेडात धरली. जंतूंचे ठिपके गोल असतात, चारी बाजूंनी सारखे पसरतात. यातला एकही गोल नव्हता. प्रत्येक ठिपक्याला एका बाजूने बारीक जीभ फुटली होती, आणि सगळ्या जिभा एकाच दिशेला होत्या.

२

प्रयोगशाळेत बाईंच्या बरोबरीचे आणखी एक डॉक्टर होते. ते हातातले मोजे कधी काढत नसत. चहा पितानासुद्धा नवी जोडी चढवत. बाईंनीच त्यांना हातमोजे हे नाव ठेवलं होतं आणि ते इतकं चिकटलं की संचालकसुद्धा एकदा भर बैठकीत "हातमोज्यांचं यावर काय मत?" म्हणून गेले होते.

"बाई, हे बघितलंत?" हातमोज्यांनी विचारलं.

"बघितलं. जंतूंच्या खुराकाची जेली ओतताना कुण्या शहाण्याने प्लेट तिरकी धरली."

"जेली मी ओतली होती."

"मी तरी दुसरं काय म्हणतेय?"

हातमोज्यांनी गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पट्टी कुठूनशी आणली आणि फळीवर ठेवली. फळी सरळ होती. आतल्या पंख्याने वारा एका बाजूला जात असेल म्हणून पंखा बंद केला. प्लेटा उलट्या दिशेने फिरवून ठेवल्या. बाई हाताची घडी घालून हे सगळं कौतुकाने बघत होत्या, म्हणजे माकडाचे खेळ बघावेत त्या कौतुकाने.

दुसऱ्या सकाळी जुन्या जिभा होत्या तिथेच थांबल्या होत्या. प्रत्येक ठिपक्याला मागच्या बाजूने नवी जीभ फुटली होती, आणि नव्या जिभांची दिशा पुन्हा तीच, म्हणजे खोलीतल्या एका विशिष्ट भिंतीकडे. हातमोज्यांनी अख्खा इनक्युबेटर ढकलत खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला. जिभा खोली ओलांडून त्याच भिंतीकडे वळल्या.

"त्या भिंतीपलीकडे..." हातमोजे म्हणाले.

"माझा भाऊ आहे. दिसायला बरा आहे, पण इतका नाही की जंतूंनी माना वळवून बघावं."

"मी गमतीने म्हणत नाही, बाई."

"तुम्ही गमतीने काही म्हणालात तर मीच पेढे वाटीन. भिंत गरम असेल. पाठीमागून पाइप गेला असेल. जंतूंना ऊब आवडते, तुम्हाला जशी धास्ती आवडते तशी."

हातमोज्यांनी भिंतीला तापमापक लावला. भिंत थंडगार होती. ते तापमापक बाईंना दिसेल असा टेबलावर ठेवून गेले. आगाऊ माणूस, बाई स्वतःशी म्हणाल्या. तापमापक मात्र त्यांनी जाताजाता पालथा केला.

३

दुपारी बाई भावाला बघायला गेल्या. भेट म्हणजे मधे जाड काच. बाहेरून बोलायला काचेजवळ बटण, आणि आतल्या माणसाला बोलायचं तर बटण पलंगाच्या उशाशी. आतल्याने ते दाबलं नाही तर तो कितीही ओरडला तरी बाहेर काही ऐकू येत नसे. ही रचना ज्याने केली त्याला बाईंनी मनातल्या मनात अनेकदा बक्षीस दिलं होतं.

बाळ्या पडून होता. खाली उतरल्यावर पायांत जोर नव्हता, ओठावर जुन्या पुरळाने पुन्हा डोकं वर काढलं होतं. पेपरातल्या फोटोतला तो छातीवाला गडी आणि हा, यांचं काही नातं दिसत नव्हतं. त्याने कुशीवर वळून बटण दाबलं.

"ताई, आई कशी आहे?"

"तुझी वाट बघतेय. आल्यागेल्याला तुझा फोटो दाखवते. किडनीचा फोटो काढता येत नाही ना, नाहीतर माझाही दाखवला असता."

"ताई, प्लीज."

"बरं, मला एक सांग. त्या काड्यांनी नीट पुसलंस ना? काही विशेष दिसलं होतं का?"

बाळ्या ओठावरची खपली चाचपत राहिला.

"हसणार नसशील तर सांगतो. वर माझी झोपायची पिशवी एका भिंतीला बांधलेली होती. त्या भिंतीच्या पत्र्यामागे बुळबुळीत थर धरायचा. मी पुसायचो, पुन्हा धरायचा. नेमका माझं डोकं जिथे असायचं तिथे. मग मी पिशवी समोरच्या भिंतीला नेली. तर थर त्या भिंतीला आला, ताई. माझ्यासोबतच्या बाकी दोघांच्या बाजूला काही नव्हतं. ती दोघं धडधाकट होती. तब्येत माझीच ढासळली होती."

"हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. तू हसशील म्हणून."

"शहाणपणा केलास," म्हणत बाई हसल्याच. "तुझ्या तोंडाची वाफ, बाळ्या. जिथे वाफ तिथे ओल, आणि जिथे ओल तिथे जंतू. एवढ्या उंचीवर जाऊन आलास पण डोकं इथेच विसरून गेला होतास वाटतं."

त्यालाही हसू आलं. ताईने हसण्यावारी नेलं की त्याला लहानपणापासून बरं वाटत असे. बाई वळल्या, दारापर्यंत गेल्या आणि का कोण जाणे, थांबून त्यांनी मागे पाहिलं. बाळ्याच्या पलंगाचं उसं प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून होतं. आपण हे बघायला थांबलो याचाच त्यांना राग आला.

४

तुलनेसाठी बाईंनी आणखी काही प्लेटा ठेवल्या होत्या. जात तीच, पण हे जंतू कधी वर गेले नव्हते. सरकारी नोकरासारखे जन्मभर एकाच जागी बसलेले. त्यांचे ठिपके पहिल्यापासून गोल गरगरीत होते आणि त्यांच्याकडे पाहिलं की बाईंना हायसं वाटे. त्यांचा इनक्युबेटर वेगळा, त्यांची हत्यारं वेगळी. रोज सकाळी आधी वरून आलेल्या जंतूंची प्लेट हुंगायची आणि मग ही. हिला फक्त द्राक्षांचा वास. उशीबिशीचा नाही.

एका सकाळी हिलाही उशीचा वास आला.

बाईंनी प्लेट उजेडात धरली. जिभा फुटल्या होत्या. भिंतीकडे.

हातमोजे मागे येऊन कधी उभे राहिले ते कळलं नाही. "हे कसं झालं?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "या दोन्ही पेट्या मी एका दिवसात कधी उघडत नाही. इकडची कुठलीच वस्तू तिकडे जात नाही. इथून तिथे काय गेलं, बाई?"

बाईंना उत्तर ठाऊक होतं. ते त्यांच्या चेहऱ्याच्या मधोमध होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या नाकाविषयी कुणी त्यांना प्रश्न विचारला नव्हता, आणि आता विचारणार कोण, तर चहाचा कप मोजे घालून धरणारा हा इसम. त्यांच्या मस्तकात तिडीक गेली.

"झाकणं बदलली तुम्ही," त्या कडाडल्या. "नाव झाकणावर लिहायचं नसतं, बुडाला लिहायचं असतं. हे शेंबड्या पोरांना कळतं!"

"नाव बुडालाच आहे. बघा."

बाईंनी पाहिलं नाही. त्या तडक संचालकांकडे गेल्या आणि म्हणाल्या, या माणसाने माझ्या कामाचा विचका केला आहे, एकतर हा राहील नाहीतर मी. अंतराळवीराच्या बहिणीला नाही कोण म्हणणार? होयबा होय म्हणाले. संध्याकाळपर्यंत हातमोज्यांचं टेबल रिकामं झालं. जाताना ते एवढंच म्हणाले, "बाई, नाकाचा स्वॅब घेऊन बघा एकदा. माझ्यासाठी नको, घरच्यांसाठी घ्या."

"तुम्ही आधी मोजे काढून बघा," बाई म्हणाल्या. "आत हात आहेत की नाही ते तरी कळेल."

हे त्यांना त्या वेळी फार झणझणीत वाटलं होतं. घरी जाऊन त्यांनी ते आईलाही ऐकवलं. आईने अर्धवट ऐकलं आणि विचारलं, "ते असू दे, बाळ्याला कधी सोडताय?"

५

बाळ्या सुधारत गेला. ओठावरची खपली पडली, पायांत जोर आला, रक्ताचे रिपोर्ट असे आले की जणू तो कुठे गेलाच नव्हता. त्याच्या नाकाचे, घशाचे, हातांचे स्वॅब स्वच्छ. पुन्हा घेतले, पुन्हा स्वच्छ.

आणि त्याच सुमाराला जिभांनी भिंतीचा नाद सोडला.

बाईंना प्लेट बघून इतका आनंद झाला की समोर कुणी असतं तर त्यांनी त्याला टाळी दिली असती. सगळ्या नव्या जिभा आता उलट बाजूला, खिडकीकडे. बघा! भिंतीपलीकडे माणूस आहे तिथेच आहे, आणि जंतू मात्र खिडकीकडे चालले. म्हणजे उजेड, म्हणजे ऊब, म्हणजे काहीही, पण बाळ्या नाही. पत्र्यामागचा थर, मान वळवणारे जंतू, सगळी भाकडकथा. त्यांनी लगेच संचालकांना कळवलं की बाळ्या घरी जायला मोकळा आहे. साहेबांनी फोनवरच टाळ्या वाजवल्या, मोटारीची व्यवस्था झाली, फुलांचे गुच्छ आले. बाईंनी हे सगळं खालच्या अंगणातलं लोटांगण खिडकीतून पाहिलं आणि त्यांना आपल्या जातभाईंची, म्हणजे माणसांची, पुन्हा एकदा किळस आली.

तेवढ्यात फोन वाजला. हातमोजे होते.

"बाई, ठेवू नका फोन. तुमच्या भावाला सोडलं असं कळलं. जिभा कुठे आहेत आता?"

"तुमच्या घराकडे नाहीत, निश्चिंत झोपा."

"सांगा तर खरं."

"खिडकीकडे. झालं समाधान?"

मग हातमोजे म्हणाले, "खिडकीतून काय दिसतं?"

काय दिसायचं? गाड्या लावायची जागा. मग रस्ता. रस्त्यापलीकडे झाडांची रांग, पेट्रोलपंप, आणि त्याच्या मागे राहत्या इमारती. शेवटच्या इमारतीच्या गच्चीवर निळी टाकी. त्या टाकीखालच्या मजल्यावर बाई राहत. रोज दुपारी डबा खाताना त्या इथूनच टाकीकडे बघत, आईने गोळी घेतली असेल का याचा विचार करत.

"तुमचा भाऊ बरा झाला म्हणून त्यांना आता त्याच्यात काही राहिलं नाही," हातमोजे सांगत होते. "जिथे राखणदार झोपलाय तिकडे ते तोंड करतात. आणि बाई, आपण सगळ्यांचे स्वॅब घेतले. त्याचे घेतले, माझे घेतले, लादी पुसणाऱ्या मावशींचेही घेतले. कुणाचा राहिला?"

बाईंनी फोन ठेवला. हात आपोआप नाकाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

६

घराचं कुलूप त्यांनी स्वतःच्या चावीने उघडलं. दुपारचं ऊन बैठकीत पसरलं होतं, आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"कोण? बाळ्या?" आतून आई म्हणाली.

"मी आहे."

"हो का," आई म्हणाली.

बाई तिच्या खोलीत गेल्या नाहीत. आपल्या खोलीत गेल्या. त्यांचा पलंग आणि आईचा पलंग, दोहोंची उशी एकाच भिंतीला लागून होती, एक या बाजूला, एक त्या. आई रात्री हाक मारेल तर ऐकू यावी म्हणून बाईंनीच तशी मांडणी केली होती. मूर्खपणा आहे, त्या स्वतःशी म्हणाल्या. जंतुशास्त्रात उभं आयुष्य घालवलेली बाई, आणि हातमोज्यांच्या एका फोनवर पलंग सरकवत बसलीय. हे कुणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. असं म्हणत त्यांनी पलंग ओढला.

उशाच्या उंचीवर, जिथे झोपेत त्यांचं नाक भिंतीला टेकत असेल तिथे, रंगावर ओलसर चकाकी होती. ताटाएवढी. बाई वाकल्या. चकाकी एकसंध नव्हती. ती हजारो बारीक जिभांची होती, आणि जिभा ना वर गेल्या होत्या ना खाली. त्या भिंतीत घुसत होत्या. रंगाला सुईच्या टोकाएवढी भोकं पडली होती.

हुंगायची गरज नव्हती. द्राक्षं, आणि द्राक्षांखाली उशी. आता त्यांना कळलं की ती उशी कुणाची. रोज सकाळी आईची चादर बदलताना त्या जी छातीशी धरत, तीच.

भिंतीपलीकडून, अगदी कानाशी बोलावं तसा आईचा आवाज आला. "ताई, द्राक्षं आणलीस का गं?"



त्याच वेळी दाराची घंटी वाजली. बाळ्या होता, हातात गुच्छ, तोंडभर हसू. बाई धावत दारापर्यंत गेल्या आणि हातभर लांब थांबल्या. पदराने त्यांनी नाक आणि तोंड घट्ट दाबून धरलं होतं.

"आत ये, आणि आईला उचल. असेल तशी घेऊन जा. थेट इस्पितळात, वेगळ्या खोलीत. माझ्या जवळून जाऊ नकोस."

"ताई, अगं मी स्वच्छ आहे! तूच तर सांगितलंस."

"तू आहेस रे," बाई म्हणाल्या.

बाळ्या बघतच राहिला. त्याच्या ताईने आजवर कुणाचंही म्हणणं असं मान्य केलं नव्हतं. पुढचं त्याने विचारलं नाही. बाई न्हाणीघरात गेल्या, आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाहेर आईचं हसणं ऐकू आलं, "किती वाळलास रे!", मग पावलं, मग जिना. एकदा तरी ती विचारेल की ताई कुठे आहे, म्हणून त्या श्वास धरून थांबल्या. पायऱ्या संपल्या. खाली मोटारीचं दार लागलं.

७

आता काचेमागच्या खोलीत बाई होत्या.

नाकात जंतू सापडले होते. ताप भरला होता, आणि किडनी एकच असल्याने डॉक्टर जपून औषध देत होते. आई इस्पितळात स्वच्छ निघाली होती, तिथून बाळ्याने आणि त्याच्या बायकोने तिला आपल्या नव्या सरकारी घरी नेलं, तेही खिडकीच्याच बाजूला. हातमोजे परत आले होते आणि आता प्रयोगशाळा त्यांचीच होती. त्यांनी एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही, याचा बाईंना सर्वांत जास्त राग येई. रोज सकाळी ते प्लेट काचेशी धरत.

पहिल्या दिवशी बाईंनी पाहिलं तेव्हा सगळ्या जिभा त्यांच्याकडे होत्या.

जन्मभर सगळ्यांच्या माना बाळ्याकडे वळलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. शाळेत, घरात, आईच्या डोळ्यांत. आज पहिल्यांदा कुणीतरी, भरल्या सभेने वळावं तसं, एकजात त्यांच्याकडे तोंड केलं होतं. बाईंना हसू आलं, आणि त्यांना हिशोबही लगेच कळला. ही तोंडं इकडे आहेत तोवर आईकडे नाहीत. आपण आईहून अशक्त आहोत तोवर आई सुरक्षित आहे. भीती वाटलीच नाही. उलट इतकं शांत त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग औषध लागू पडलं. ताप उतरला, भूक लागली. त्या सकाळच्या प्लेटमध्ये जिभा आखूड होत्या, आणि कडेच्या काही ठिपक्यांनी खिडकीची दिशा धरली होती.

"बरं वाटतंय ना?" हातमोज्यांनी आनंदाने विचारलं.

"तुम्हाला बघून कुणाला बरं वाटेल?" बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून गोळ्या उशीच्या खोळीत जाऊ लागल्या. नर्स समोर उभी राही, बाई पाणी पीत, तोंड पुसत, आणि नर्सला वाटे काम झालं. किती सोपं असतं या लोकांना फसवणं! ताप परत चढला. जिभा परत आल्या, लांब, जाड, खोलीकडे रोखलेल्या. डॉक्टर डोकं खाजवत औषधं बदलत राहिले आणि बाई तापाने फुललेल्या चेहऱ्याने त्यांच्या अकलेवर हसत राहिल्या. मधूनच त्या काचेशी जाऊन उभ्या राहत आणि पलीकडच्या रिकाम्या बोळाकडे बघत. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरे. ती पुसायचं भान त्यांना राहिलं नव्हतं.

त्या सकाळी बोळात चाकांचा आवाज आला. बाई उठून भिंतीला धरत काचेपाशी गेल्या.

बाळ्या चाकाची खुर्ची ढकलत आणत होता. खुर्चीत आई होती, तोंडाला मास्क, अंगाभोवती शाल. देशाच्या लाडक्याला नको म्हणायला कुणाची छाती झाली असती! त्याने बाहेरचं बटण दाबलं.

"ताई, बघ कोण आलंय! ऐकतच नव्हती. म्हटलं काच तर आहे मधे."

आई खुर्चीतून उठली. काचेशी आली आणि मास्कवरून नुसत्या डोळ्यांनी हसली.

"तुला बघायला आले गं," ती म्हणाली. "तिथे बाळ्या आहे, सून आहे, पण भिंतीपलीकडे तू नाहीस. झोपच लागत नाही मला. किती वाळलीस! ये ना अशी जवळ." आणि तिने काचेवर तळहात ठेवला.

बाईंच्या तोंडापुढे, काचेच्या आतल्या अंगाला, श्वासाची चकाकी होती. ती हलली. वारा नव्हता, कुणी हात लावला नव्हता. ती बाईंच्या तोंडासमोरून निघाली आणि काचेवरून हळूहळू खाली, आईच्या हाताकडे सरकली. एक बोट भरलं, मग दुसरं, मग तळवा. आणि हाताच्या आकाराच्या त्या चकाकीखाली काच सुईने टोचावी तशी बारीक बारीक पांढरी होत गेली.

"हात काढ!" बाई किंचाळल्या. "आई, हात काढ! बाळ्या, मूर्खा, ने तिला इथून!" त्यांनी मुठींनी काच बडवली. बटण पलंगाच्या उशाशी होतं. त्या वळल्या, दोन पावलं गेल्या आणि काचेखालच्या भिंतीआड, बाहेरून दिसणार नाही अशा, जमिनीवर कोसळल्या.

बाहेर काही ऐकू जात नव्हतं. लाल झालेला चेहरा, वटारलेले डोळे आणि भराभर हलणारे ओठ, एवढंच बाहेर दिसलं होतं. आईने ते तोंड जन्मभर पाहिलेलं होतं.

"रागावलीय अजून माझ्यावर," ती बाळ्याला म्हणाली. "असू दे. हिचं असंच असतं." आणि लेकीची समजूत काढायला तिने दुसराही हात काचेवर ठेवला.